तिसरी तार

स्वयंपाकघरातल्या विस्तवाने आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत जितकी रूपे पालटली, तितकी त्याआधीच्या कुठल्या पिढीने पाहिली असतील असे वाटत नाही. चूल आणि तिचा वैल, भुशाची शेगडी, कोळशाची शेगडी, वातींचा स्टोव्ह, पंपाचा फरफरणारा स्टोव्ह, मग गॅस आणि आता जाळच नसलेली विजेची शेगडी. प्रत्येक विस्तवाबरोबर घरात त्याची शिस्त आली. चूल सारवायची, रात्री निखारे राखेखाली झाकायचे. स्टोव्हला पंप मारताना पदर खोचायचा. गॅसला आधी काडी आणि मग बटण. ही शिस्त सासूने सुनेला आणि आईने लेकीला चार वेळा रागावून शिकवली. विजेच्या शेगडीचे तसे नाही. तिची शिस्त भिंतीच्या आत दडलेली असते, ती दिसत नाही, म्हणून ती कोणी कोणाला शिकवत नाही. दुकानदार शेगडी देतो, वर एक कढई फुकट देतो, आणि ‘प्लग लावला की झालं’ एवढेच सांगून पाठवतो.

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाने विजेविषयी लिहावे, याचे कोणाला हसू येईल. येऊ द्यावे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले, त्यात मी या भिंतीआडच्या विस्तवाचे थोडेफार व्याकरण शिकलो, आणि ते वाचकांपर्यंत पोचवावे असे मनापासून वाटते.

आपल्या जिल्ह्याचे विजेशी नाते तसे जुने. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली वीज तयार झाली ती गिरणीच्या यंत्रांसाठी. शिवनसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना १९०२ मध्ये मिळाली, तीही यंत्रांसाठीच. विजेने आधी कारखाना गाठला, मग रस्ता, मग दिवाणखाना. स्वयंपाकघराकडे ती सर्वांत शेवटी वळली. आमच्या खेड्यापाड्यांत तर ओट्यावर एक मिणमिणता दिवा टांगला की स्वयंपाकघरात वीज आली, असे कितीतरी वर्षे मानले गेले. घरांचे वायरिंगही त्याच हिशेबाने झाले. ज्या भिंतीतून एका दिव्याची वीज जायची, त्या भिंतीतून आज आपण सबंध स्वयंपाक करू पाहतो. घोळ तिथेच आहे.

आमचे घर खानापूरच्या बाजूला. १९७४ साली वडिलांनी बांधलेले, जांभ्या दगडाचे, कौलारू. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि स्वयंपाकघराची फरशी आषाढ-श्रावणात कधी कोरडी म्हणून सापडत नाही. या घरात माझी आई सुरुवातीपासून स्वयंपाकाचे राज्य चालवत होती. आज ती ८२ वर्षांची आहे. हात थरथरतो, नाकाला वास पूर्वीसारखा येत नाही. गेल्या उन्हाळ्यात दोनदा असे झाले की तिने गॅसचे बटण फिरवले, काडी पेटवायची राहिली आणि ती देवघरात निघून गेली. दुसऱ्या खेपेला आमची सौ. परसातून आत आली, तर घरभर वास कोंदलेला. तिने आधी सिलिंडर बंद केला, दारे-खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. म्हणून पुढचे टळले.

त्या रात्री घरात बैठक बसली आणि आईने यापुढे ओट्याकडे जायचे नाही, असे ठरले. निर्णय चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचे जे झाले ते पाहवत नव्हते. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पडवीत बसू लागली. सूप घेऊन निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. कोणी जेवायला बोलावले तर ‘मला काय, द्याल ते खाईन’ म्हणायची. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढले, तिच्या तोंडी हे वाक्य ऐकताना घास गिळत नसे.

अमेरिकेत असलेल्या माझ्या मुलीने फोनवर हे ऐकले आणि म्हणाली, ‘बाबा, आज्जीला विजेची शेगडी घ्या ना. जाळ नाही, वासाची भीती नाही, भांडं उचललं की आपोआप बंद होते.’ मला ते पटले. आमच्या मेहुण्यांचे मत पडले, ‘त्यात काय एवढं! फ्रिजच्या सॉकेटात लावून टाका.’ सौ. मात्र म्हणाली, ‘आधी मेस्त्रींना दाखवा. मग दुकानात जा.’ या घरातले बरेचसे शहाणपण तिच्याकडून येते, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

मेस्त्री म्हणजे आमच्या भागातील परवानाधारक वायरमन. घरी कन्नड, बाजारात मराठी, आणि कामात दोन्हींची सरमिसळ. आईशी तो कन्नडमध्ये बोलतो, माझ्याशी मराठीत. आईला ‘आज्जी’ म्हणतो. हा शब्द दोन्ही भाषांना सामाईक असल्याने त्याला तिथे भाषा बदलावी लागत नाही. त्याने येऊन आधी फ्रिजच्या सॉकेटाचे झाकण खोलले, बॅटरीच्या उजेडात आत पाहिले आणि मला बोलावले. ‘सर, हे बघा की. वरचं मोठं भोक आहे ना, त्याला मागं काहीच नाही.’

खरोखरच नव्हते. तीन पिनांचे सॉकेट, पण तारा दोनच. तिसऱ्या भोकामागे नुसती कोळ्याची जाळी. पन्नास वर्षे त्या भोकात आम्ही पिन खुपसत होतो आणि ती पिन कशालाच टेकत नव्हती. पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या तारा ॲल्युमिनियमच्या, तेव्हा तशाच वापरत, आणि जाडी दिव्या-पंख्यांपुरती. मेनस्विचजवळच्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी कोणा कारागिराने कधीकाळी तांब्याचा जाड पीळ भरून ठेवलेला. फ्यूज उडण्याची कटकट नको म्हणून केलेला हा उपाय. म्हणजे राखणदाराला झोपेचे औषध देऊन ठेवण्यातला प्रकार.

मग मेस्त्रीने कागदावर हिशेब मांडला. आम्हाला हवी होती ती दोन चुलांची इंडक्शन शेगडी ३५०० वॅटची. घरातील दाब २३० व्होल्ट. भागाकार केला की १५ अँपिअरच्या किंचित वर आकडा येतो. साठ वॅटचा जुना गोळा पाव अँपिअर घेत असे. तेव्हा ही शेगडी म्हणजे एकाच तारेवर एकदम ५८ गोळे. तेही क्षणभर नव्हे, भाजी शिजून डाळ उतरेपर्यंत. १६ अँपिअरचे सॉकेट कागदावर पुरेल असे वाटते, पण सतत काठोकाठ भरून वाहणाऱ्या कालव्याचा बांध केव्हातरी खचतोच. प्लगची पिन सैल झाली, की आधी ती काळी पडते, मग प्लास्टिकचा वास येतो.

असे का होते, हे आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी मला समजावले. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली हे मांडले. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. शिवाय सर्वांत जास्त ताप होतो तो सैल जोडावर. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसता पीळ देऊन जोडली, तर तो जोड काळाने गंजतो, ढिला होतो आणि तिथेच धग धरतो. भिंतीतली आग बहुधा अशा जोडातून सुरू होते. शेगडीपर्यंतची तार म्हणून सलग हवी, मध्ये जोड नको, आणि एक्स्टेन्शन बोर्डाचे तर नावच नको.

काम ठरले ते असे. मीटरच्या पेटीपासून ओट्यापर्यंत शेगडीसाठी स्वतंत्र तार, ४ चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची, पाइपातून नेलेली. या तारेवर दुसरे काही नाही, मिक्सरसुद्धा नाही. पेटीत तिच्यासाठी वेगळा २० अँपिअरचा एमसीबी. ओट्याशी सॉकेटाऐवजी दोन्ही तारा एकदम तोडणारा मोठा स्विच, कारण साधे बटण एकच तार तोडते. स्विचची जागा शेगडीच्या मागे नको आणि नळाजवळही नको. तो बाजूला हवा, म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावरून हात न नेता बंद करता येतो. आणि घरावरचा मंजूर भार वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज. शेगडीपेक्षा तिच्या वायरिंगचा खर्च अधिक झाला. मेहुणे म्हणाले, ‘घोड्यापेक्षा तबेला महाग!’ सौ. म्हणाली, ‘घोडा आईंच्या हाती द्यायचा आहे.’ त्यावर कोणी बोलले नाही.

आता त्या तिसऱ्या तारेकडे येतो. माझ्या मते या लेखाचा जीव तिच्यात आहे. पहिली तार वीज आणते, दुसरी परत नेते. तिसरी तार रोजच्या व्यवहारात काहीच करत नाही. ती नसली तरी शेगडी तापते, फ्रिज गार होतो, दिवे लागतात. म्हणूनच ती गाळण्याचा मोह होतो. पण एखाद्या दिवशी शेगडीच्या आत पहिल्या तारेचे वेष्टण उंदराने कुरतडले किंवा उष्णतेने तडकले, आणि ती तार धातूच्या पेटीला टेकली, तर सबंध पेटीत वीज उतरते. शेगडी तशीच चालू राहते. बाहेरून काही कळत नाही. ती वीज जमिनीकडे जायला वाट शोधत असते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली बाई पेटीला हात लावते तेव्हा तिला ती वाट सापडते. तिसरी तार असेल तर वीज बाईच्या अंगातून न जाता त्या तारेने भसकन जमिनीत जाते, आणि एवढा मोठा प्रवाह पाहून एमसीबी पडतो.

आपल्या घरांत चपला उंबऱ्याबाहेर काढतात. स्वयंपाकघरात सोवळे-ओवळे मोडले, तरी पाय अनवाणीच असतात. ही रीत चांगलीच आहे. पण तीमुळे आपल्या स्वयंपाकघराला या तिसऱ्या तारेची गरज बुटांनिशी ओट्याशी उभ्या राहणाऱ्या देशांपेक्षा अधिक आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

गंमत अशी, की बुटांच्या देशातही हा गोंधळ बराच काळ चालला. मुलीच्या घरी चार चुलांची आणि खाली भट्टी असलेली मोठी विजेची ‘रेंज’ आहे. तिकडे घरातील साधा दाब १२० व्होल्ट, आणि रेंजला दोन तारांतून २४० व्होल्ट देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे वाचवायचे म्हणून त्यांनी रेंजची वेगळी जमिनीची तार गाळली आणि तिची पेटी परतीच्या तारेलाच, म्हणजे न्यूट्रलला, जोडायला परवानगी दिली. युद्ध संपले, सवय राहिली. नव्या वायरिंगला चार तारांची सक्ती तिथल्या नियमावलीत आली ती १९९६ साली.

ही पळवाट आपल्याकडेही आहे. कित्येक जण सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकाला न्यूट्रलचाच तुकडा जोडून देतात आणि ‘अर्थिंग झालं’ म्हणतात. परतीची तार खांबावर किंवा पेटीत कुठे तुटली, तर याच तुकड्यावाटे उपकरणाच्या अंगात वीज येते. संरक्षण म्हणून जोडलेला तुकडाच घात करतो. आपल्या घरी असे केले असेल, तर ते आधी काढून टाकावे.

आमच्या परसात तुळशीच्या पलीकडे खड्डा खणला. वर जांभा, खाली चिकण माती. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला, पुरुषाहून उंच लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. मेस्त्रीने मोजणीच्या यंत्राने रोध पाहिला. तो पाच ओहमच्या आत आल्याशिवाय त्याने हात धुतले नाहीत. काम चालू असताना आई काठी टेकत खड्ड्याशी गेली. मेस्त्री ओरडला, ‘आज्जी, मुट्टब्याड्री!’ म्हणजे हात लावू नका. आई कन्नडमध्येच त्याच्यावर उखडली, ‘तुझ्या जन्माआधीपासून मी या परसात फिरते आहे.’ दोघेही हसले. बऱ्याच दिवसांनी आईचे हसणे ऐकले.

पेटीत आणखी एक राखणदार बसवला, आरसीसीबी नावाचा. एमसीबी तारेला जपतो, हा माणसाला जपतो. याचे काम मी मुलांना सहलीच्या उदाहरणाने सांगतो. सहलीला चाळीस मुले मोजून नेली आणि परतताना एकोणचाळीस भरली, तर मास्तर गाडी हलू देत नाही. हा राखणदारही जाणारी वीज आणि परतणारी वीज सतत मोजत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कोणीतरी भलत्या वाटेने गेले हे ओळखून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो सबंध पुरवठा तोडतो. त्याच्यावर चाचणीचे छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली तर राखणदार जागा आहे. न गेली तर तो बदलावा.

तारा जोडताना एक प्रसंग असा आला, की तो दुभाषी मुलखातल्या वाचकांनाच नीट कळेल. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी जमिनीची. शेगडीतून बाहेर आलेल्या तारा मात्र तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. त्यात तपकिरी फेजची आणि निळी न्यूट्रलची! भिंतीच्या भाषेत निळा रंग आणणाऱ्याचा, शेगडीच्या भाषेत तोच रंग परत नेणाऱ्याचा. रंग पाहून रंगाला जोडणारा इथे हमखास फसतो. मला एकदम हाल आठवले. मराठीत हाल म्हणजे यातना, कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. बेळगावात नव्याने आलेल्या पाहुण्याला कोणी प्रेमाने ‘हालु बेकेन्री?’ विचारले, की तो बिचारा दचकतो. दोन भाषांत राहणाऱ्याला ठाऊक असते की एकच आवाज दोन घरांत दोन अर्थ सांगतो, म्हणून तो आधी विचारतो, कोणत्या भाषेत बोलतोस? मेस्त्रीनेही अंदाज केला नाही. शेगडीबरोबरचा कागद वाचला, टेस्टरने तार तपासली आणि मगच स्क्रू आवळला. हिरव्याचा अर्थ तेवढा दोन्हीकडे एकच निघाला, जमीन.

शेगडी निवडतानाही आईच्या हातांचा विचार केला. नुसते बोट टेकवायची काच तिला जमेना, म्हणून फिरवायच्या बटणांची घेतली. बंद कुठे आणि मध्यम कुठे, हे कळावे म्हणून सौ.ने तिथे लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. इंडक्शनवर लोहचुंबक चिकटेल तेच भांडे तापते. पितळेचे पातेले, तांब्याचा हंडा, ॲल्युमिनियमचा कुकर बाद. आईने लोहचुंबक घेऊन सारी मांडणी तपासली आणि निकाल शाळेसारखा जाहीर केला, पास इतकी, नापास इतकी. सपाट बुडाचा लोखंडी तवा पास झाला. ज्वारीची भाकरी त्यावर भाजते, मात्र जाळावर टेकवून फुगवण्याचे सुख नाही. ती तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागते. ‘चव तीच, पण जाळाचा वास नाही,’ असा आईचा अभिप्राय आहे आणि तो मला मान्य आहे.

आता सकाळची भाजी तीच करते. पदर पेटण्याची भीती नाही. भांडे उचलले की शेगडी आपोआप थांबते. सौ. जवळपास असते, पण ओट्यापाशी उभी राहत नाही. परवा ताटात वांग्याची भाजी वाढताना आईने मला दरडावले, ‘पुरे पुरे काय म्हणतोस, घे आणखी!’ मी मुकाट्याने ताट पुढे केले.

दिवाळीत आपण सारे घर झाडून पुसून काढतो, आकाशकंदिलासाठी एक जास्तीची तार ओढतो. या वर्षी त्याबरोबर एक काम करावे. परवाना असलेला चांगला वायरमन बोलावून स्वयंपाकघरातील सॉकेट खोलून पाहायला सांगावे, वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी तार आहे का, आणि ती खरोखर जमिनीपर्यंत जाते का. स्वतः खोलू नये, हे काम जाणत्याचेच आहे. अर्थिंगचा खड्डा असेल तर तो कुठे आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे, कारण आपल्याकडची तांबडी माती फाल्गुनापासून कोरडी पडते आणि कोरड्या मातीत वीज नीट जिरत नाही. त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे लागते. आमच्याकडे हे काम आईने आपणहून घेतले आहे. ती तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या घेऊन पलीकडे त्या झाकणाशी जाते.